नुसत्या जीवामृत-पंचगव्याच्या फवारणीवर बाजरी येईल का?

तुम्ही विचारलंय, जत भागात एकरभर हलक्या रानात युरिया न घालता नुसत्या जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसनाचं आंबवलेलं पाणी) आणि पंचगव्य (गाईचं शेण, मूत, दूध, दही, तुपाचं आंबवण) यांच्या फवारण्यांवर बाजरी निघेल का. निघेल, पण कणसं बोटाएवढीच राहतील. मी माणमधला, पाऊसमान तुमच्यासारखंच.

हिशेब बघा. हलक्या जमिनीत बाजरीला हेक्टरी 40 किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, म्हणजे एकरी 16. पंचगव्य 3 टक्क्यांनी फवारलं तर 200 लिटर पाण्याला 6 लिटर लागतं, आणि त्यातलं नत्र ग्रॅमवर मोजायचं. उलट कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तरी 2 टनांत 10 किलो होतं. तेही सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. म्हणून पैसा आधी जमिनीत घाला, पंपात नंतर.

आपल्या भागात सगळ्यात सरस म्हणजे मेंढरं बसवणं. उन्हाळ्यात रान मोकळंच असतं. मेंढक्याशी धान्यावर नाहीतर रोखीवर ठरवा आणि कळप रोज जागा बदलून बसवा. लेंडी, मूत दोन्ही जागेवर, ट्रॉलीचं भाडं नाही. मात्र मागोमाग कुळवाची पाळी द्या, नाहीतर मुतातलं निम्मं नत्र उन्हात उडून जातं. शेणखतच घालणार असाल तर हाताला गरम लागणारं कच्चं नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) होते.

बी एकरी दीड किलो. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात टाका, वर तरंगणारं हलकं बी आणि अरगट या बुरशीरोगाच्या गाठी काढून टाका. खालचं स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा, मग किलोला 25-25 ग्रॅम अॅझोस्पिरिलम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) चोळा. हे सोपं काम लोक टाळतात आणि महागड्या बाटल्या आणतात, ते मला पटत नाही.

फवारण्या दोन पुरेत: एक फुटवे येताना, दुसरी पोटरीच्या (कणीस पानाच्या देठात फुगतं तेव्हाच्या) जरा आधी. 15 लिटरच्या पंपाला दीड लिटर जीवामृत, तेही जुन्या सुती कापडाच्या दुहेरी घडीतून गाळून. बेसनाचा गाळ राहिला की नोझल तुंबतं आणि निम्मी सकाळ पिन घालण्यात जाते. फुलोऱ्यात फवारू नका, पराग धुऊन जातो आणि कणसात दाणा धरत नाही.

पहिल्या वर्षी उतारा युरियावाल्यापेक्षा कमी पडेल, ते धरून चाला. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ टाका, म्हणजे तूटही जरा भरून निघेल आणि रानालाही नत्र मिळेल.