सुतारकीची लाज कोणाला वाटते?

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला ७४ टक्के आहेत. माझे वडील देवगडला होड्या बांधत. मुलगा सुट्टीभर त्यांच्याजवळ बसतो आणि ‘जहाजं बांधणार’ म्हणतो. मी मर्चंट नेव्हीसाठी एजंटला टोकन दिलंय. ‘सुतारकी माझ्याबरोबर संपली’ असं मुलाला बजावलंय. त्याला कसं वळवू?
– एक पालक, सिंधुदुर्ग

उत्तर : तुमच्या पत्रात मुलाच्या मार्कांवर एक ओळ आहे, बाकी सगळा सुतारकीचा राग. ‘संपली’ हे तुम्ही मुलाला ऐकवलंत, पण ते आजोबांच्या कानावरही गेलंच असेल ना? जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. बांधणाऱ्यांच्या हातात वाकस नि करवतच होती.

आता गैरसमज. मर्चंट नेव्हीत जहाज चालवतात, बांधत नाहीत. बांधणीची पदवी नेव्हल आर्किटेक्चरची, पण तिथेही फळी वाकवायला शिकवत नाहीत. तिथे तोल, भार, पाण्याचा रोध यांचं गणित असतं. म्हणून ‘डिग्री घे, आजोबांकडे जायची गरज नाही’ हेही चूक, आणि ‘आजोबा पुरेत’ हेही. नौदलाची ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका बघा. अजिंठ्याच्या चित्रावरून घेतलेला आकार, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या फळ्या. शिवण केरळच्या कारागिरांनी घातली, प्रतिकृतीच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये झाल्या. २०२५ च्या मे महिन्यात ती कारवारला नौदलात दाखल झाली. दोन्हीपैकी एक बाजू नसती तर ती झालीच नसती.

मुलालाही सांगतो: नुसत्या लाकडी होड्यांवर आज घर चालणं कठीण आहे. फायबरच्या होड्यांनी बंदरं भरलीत, चांगलं लाकूड महाग झालंय. फायबरचं कामही शिकून घे. गणिताचा कंटाळा म्हणून आजोबांकडे पळत असशील, तर मात्र तुझे बाबा बरोबर आहेत.

नेव्हल आर्किटेक्चरच्या प्रवेशाचं थोडक्यात: आयआयटी खरगपूर-मद्रासला जेईई, इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीला आयएमयू-सीईटी, कोचीच्या कुसॅटला (कोची विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ) त्यांची स्वतःची परीक्षा.

एजंटकडे संस्थेच्या डीजी शिपिंग (केंद्र सरकारचं जहाजवाहतूक महासंचालनालय) मान्यतेचा कागद मागा आणि डीजी शिपिंगच्या यादीत नाव स्वतः पडताळा. तोवर पुढचा हप्ता देऊ नका. आणि या सुट्टीत आजोबांच्या एका होडीची मापं मुलाला कागदावर उतरवू द्या. ते काम त्याने तडीला नेलं, तर त्याला वळवायचा विषय सोडा.