आधी गणवेश बघा, चेहरा नंतर

ब्रिटिश अधिकाऱ्याच्या जुन्या चित्रात लाल कोटातला साहेब दिसला की लगेच पलटणीचं नाव लावू नका. ब्रिटिश पायदळात बहुतेक सगळेच लाल कोटात, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातलेही.

भिंग घेऊन कॉलर आणि बाह्यांच्या टोकाची पट्टी बघा. पलटणीची ओळख त्या रंगात असते. निळा असेल तर बहुधा ‘रॉयल’ पलटण. मग बटणं आणि जरीकाम सोनेरी की चंदेरी, ते पाहा. जलरंगात सोनं पिवळ्या ठिपक्यांनी आणि चांदी राखाडी-पांढऱ्यानं दाखवतात, त्यामुळे कागद पिवळा पडला असेल तर हमखास फसगत होते.

काळासाठी खुणा सोप्या. गळ्याखाली गॉर्जेट, म्हणजे चंद्रकोरीसारखा धातूचा पत्रा, असेल तर चित्र १८३० च्या आधीचं. पायदळी अधिकाऱ्याच्या खांद्यावर झुबकेदार एपॉलेट असतील तर १८५५ च्या आधीचं.

मागे चिकटवलेल्या ‘वॉटर्लूचा वीर’ छाप चिठ्ठीवर मी तरी विश्वास ठेवत नाही. नाव मिळालं तर त्या वर्षाच्या छापील ‘आर्मी लिस्ट’मध्ये, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या यादीत, ताडून बघा, कंपनीचा अधिकारी असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात. आणि चित्र उन्हासमोर टांगू नका, जुने लाल रंग लवकर उडतात.