मी अमेरिकन नागरिक आहे. मुंबईच्या मुलाखतीत पत्नीचा व्हिसा नाकारला. वेव्हर (बंदीतून सूट) किती दिवसांत मिळतो? नातेवाइकांची पत्रं जोडली तर फायदा होतो का?

भाऊ, तुम्ही अमेरिकन नागरिक आहात आणि बायकोला मुंबईच्या मुलाखतीत नकार मिळाला, एवढं तुमच्या प्रश्नावरून कळलं. पत्रांचं आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या दोन घरांत अबोला झाला होता. ‘आमची लेक रोज रडते’ अशी माहेरच्यांची पत्रं काडीच्या कामाची नाहीत. आय-६०१ मध्ये, म्हणजे वेव्हरच्या अर्जात, हाल बघतात ते तुमचे. अर्जदाराचा नवरा किंवा बायको, नाहीतर तिचे आईवडील, आणि तेही नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले असतील तरच. तिचे सासू-सासरे त्यात येत नाहीत. मुलंसुद्धा थेट धरत नाहीत. त्यांच्यामुळे तुमच्यावर काय ओढवतं तेवढंच बघतात.

माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. लग्नाच्या आधी एका एजंटानं तिचा टुरिस्ट व्हिसाचा फॉर्म भरताना खाजगी शिकवणीची सरकारी नोकरी करून टाकली. बायको म्हणून मुलाखतीला गेली तेव्हा तो जुना फॉर्म निघाला. अमेरिकन इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२ मधलं ६-सी लागलं, म्हणजे खोटी माहिती दिली. ही बंदी जन्माची असते, वेव्हर मिळाला तरच उठते.

वकिलीणबाईंनी जावयांकडे पहिल्यांदा मागितले ते दवाखान्याचे कागद. त्यांना डिप्रेशनच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या, नकारानंतर फार वाढलं, कामावर जाणं होईना. हे कागदावर आणायचं म्हटल्यावर पारोळ्याहून त्यांचे वडील, आमचे नाना, अमळनेरला आमच्या ओट्यावर येऊन बसले. ‘आमना पोऱ्याले येडा ठरावतस का?’ धाकट्याची सोयरीक चालू होती, समाजात बोभाटा होईल ही धास्ती. त्यापेक्षा सरपंचांचं पत्र घ्या, समाजाच्या अध्यक्षांचं घ्या, मोठ्या शिक्क्याचं. माझी आईही त्यांच्याच बाजूनं. मी म्हटलं, नाना, तिथला अधिकारी पारोळ्याच्या सरपंचाला ओळखत नाही, डॉक्टरांचे कागद त्याला वाचता येतात. आजार लपवून पोराचा संसार उभा राहणार असेल तर लपवा. त्यावर ते चहा न घेता उठून गेले.

कागद शेवटी जावयांनीच पाठवले. मानसोपचारतज्ज्ञांचा सविस्तर अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, कामावरच्या रजा, घराचा हप्ता, दोन्हीकडचा खर्च.

पण हे अर्धंच झालं. ‘मग तुम्हीच भारतात जाऊन राहा ना’ याचंही उत्तर द्यावं लागतं, आणि आपल्या लोकांची फाइल इथंच लंगडी पडते. माणूस इथंच जन्मलेला, भाषा येते, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथं राहायला मिळणारं कार्ड) मिळतं, मग अडचण काय, असं त्यांना वाटणारच. आम्ही लिहिलं की चालू उपचार तुटतील, तिथला विमा जाईल, लॅबमधल्या कामाचं तिथलं लायसन्स इथं चालत नाही, नियमित उपचारांना पारोळ्याहून धुळं नाहीतर जळगाव गाठावं लागेल. प्रत्येक वाक्यामागे एक कागद लावला.

वेव्हर मंजूर झाला, बहीण आता तिकडे आहे. नाना मात्र लग्नकार्यात अजून सांगतात की सरपंचांच्या पत्रानं काम झालं. नाही झालं. ते पत्र वकिलीणबाईंनी फाइलला लावलंच नव्हतं. ज्या पोरानं आपलं आजारपण परक्या माणसांपुढे उघडं केलं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं, आणि ते बापानं द्यायला हवं.

तुमच्या घरी कुणी ‘कोर्टात जाऊ’ म्हणत असेल तर त्यांना सांगा, जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं मुन्योझ खटल्यात निकाल दिला की नवरा-बायकोला देशात आणणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. तो रस्ता जवळपास बंद आहे.

किती दिवस लागतात? खूप. यूएससीआयएसच्या, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर चालू काळ दिसतो तो बघा, आमच्या अनुभवावर जाऊ नका. फी एप्रिल २०२४ मध्ये १,०५० डॉलर झाली, भरण्याआधी पुन्हा तपासा.

आणि हो, नकाराच्या कागदावर कलम कोणतं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. २२१-जी असेल तर बहुतेक वेळा कागद कमी असतात किंवा तपासणी चालू असते, तेवढ्यासाठी वेव्हर लागत नाही. ९-बी म्हणजे ती तिथे मुदतीबाहेर राहिली होती: १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत असेल तर ३ वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर १०. स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवल्याचा किंवा लग्न बनावट असल्याचा ठपका असेल तर आय-६०१ नं सुटत नाही. मी वकील नाही, शिक्षिका आहे. तिथला परवाना असलेला इमिग्रेशन वकीलच करा, जळगावातला ‘कन्सल्टंट’ नको. आणि डॉक्टरांकडे जायचं असेल तर घरच्यांना विचारत बसू नका, याच आठवड्यात जा.