चित्राचं नंतर बघू, आधी पुण्यातली खाती

तूलूझहून एका मराठी अभियंत्याचं पत्र आलंय. २०१६ पासून फ्रान्समध्ये, वय ४४, घरात एकटे कमावते, मुलगी नववीत. २०२१ मध्ये त्यांनी तिथल्या एका दुकानातून ९ हजार युरोंना लाल खडूतलं निसर्गचित्र घेतलं. पडकी कमान, खाली धुणं धुणाऱ्या बायका. बिलावर एका जुन्या फ्रेंच चित्रकाराचं नाव घेऊन लिहिलंय, 'उबेर रोबेरच्या धाटणीचं, अठरावं शतक'. सोबत दुकानदाराचाच २६ हजारांचा मूल्यांकनाचा कागद. विचारतात, आत्ता विकू की २०२९ मध्ये, मुलीच्या कॉलेजच्या वेळी? तोवर ४० हजार होतील ना? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता : 'पुण्यात दोन एनआरई, एक एनआरओ खातं आणि मुलीसाठी एक पॉलिसी आहे, पण तो भारतातला पैसा, इथल्या रिटर्नमध्ये दाखवत नाही.' (एनआरई म्हणजे अनिवासी भारतीयाचं परदेशातल्या कमाईचं खातं, एनआरओ म्हणजे भारतातल्या उत्पन्नाचं.)

खाती जास्त तातडीची, पण विचारलंय चित्राचं, म्हणून ते आधी थोडक्यात उरकतो. २६ हजार हा विम्याचा आकडा आहे. वस्तू गेली तर तशीच दुसरी दुकानातून आणायला काय पडेल, तो. लिलावात तेवढे कुणी देत नाही. शिवाय ज्याने विकलं त्यानेच किमतीचा दाखला दिला, मग तो दाखला कसला?

रोबेर १७५४ ते १७६५ रोममध्ये होता, लाल खडूत असे अवशेष त्याने पुष्कळ काढले, म्हणून त्याच्या नावाला भाव आहे. पण मार्च १९८१ च्या फ्रेंच नियमाप्रमाणे बिलावर 'धाटणीचं' लिहिलं की चित्र कुणाचं याची कसलीही हमी उरत नाही. तुमच्या फोटोत मला आणखी एक खटकलं. कमानीखालच्या सावलीच्या रेघा डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतात. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या सहसा उलट्या उतरतात. मूळ चित्रावर ओला कागद दाबून आरशातल्यासारखी उलटी, फिकी प्रत काढायची तेव्हा पद्धत होती, रोबेरही अशा प्रती काढायचा. हे त्यातलं असेल तर भाव मूळ चित्रापेक्षा बराच खाली. चित्रकार डावखुराही असू शकतो. ते कागद हातात घेऊन बघणारा तज्ज्ञ सांगेल. फ्रान्समधली बहुतेक लिलावघरं अंदाज फुकट देतात. दोघांकडून घ्या, दुकानदाराचा कागद न दाखवता.

समजा ४ हजार आले. १५ टक्के कमिशन धरलं तर हातात ३,४००. पाच हजारांच्या वर गेलं तर पूर्ण विक्रीकिमतीवर साडेसहा टक्के कर, तोटा झाला असला तरी! बिल असेल तर नफ्यावर कर भरायचा पर्याय निवडता येतो, आणि तोट्यात तो शून्य. म्हणून बिल जपा. ४० हजारांचं म्हणाल तर आठ वर्षांत साडेचार पट, म्हणजे वर्षाला वीस टक्के. ही अपेक्षा कुठून आली ते दुकानदारालाच ठाऊक. शिक्षणाच्या हिशोबात चित्र शून्य धरा.

आता ती शेवटची ओळ. तुम्ही फ्रान्सचे कर-रहिवासी आहात, त्यामुळे परदेशातलं प्रत्येक खातं आणि प्रत्येक आयुर्विमा करार दर वर्षी रिटर्नसोबतच्या फॉर्म ३९१६ वर दाखवावाच लागतो. नाही दाखवला तर प्रत्येकी १,५०० युरो दंड. तीन खाती, एक पॉलिसी : वर्षाला ६ हजार. चार वर्षं मागे गेले तर २४ हजार. वर एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी फ्रान्समध्ये नाही. फ्रेंच कर खात्याला कळणार कसं, म्हणाल, तर २०१७ पासून दोन्ही देश बँकांची माहिती आपोआप एकमेकांना देतात, आणि एनआरई खात्यावर तुमचा तूलूझचा पत्ता आहे. त्यांचं पत्र यायच्या आत, दोन्ही देशांचे कर कळणाऱ्या सल्लागाराकडून मागची रिटर्न दुरुस्त करून घ्या. आपणहून गेलेल्याला जास्त सवलत मिळते.

राहिली पॉलिसी. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने 'पैसे दुप्पट' सांगितलं, ते खरंही आहे. वर्षाला २ लाख, दहा हप्ते, विसाव्या वर्षी ४० लाख. पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. विमा २० लाखांचा, युरोला शंभर रुपये धरले तर २० हजार युरो. तुमच्या मागे घर त्यावर वर्षभर तरी चालेल का? आधी फ्रान्समध्येच साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, वर्षाच्या पगाराच्या दहापट. पुण्याच्या पॉलिसीचा सातवा हप्ता जानेवारीत आहे. त्याआधी पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी चालू ठेवली) तर किती मिळतील आणि सरेंडर केली (मोडून पैसे घेतले) तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा, मॅनेजरच्या फोनवर नको.