बी.एस्सी. नंतर सॉफ्टवेअर टेस्टिंग: आयएसटीक्यूबी करावं का, आणि टेस्टरला डेव्हलपरइतका मान असतो का?

आधी परीक्षेचं, म्हणजे आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं. सीए किंवा वकिलाला लागते तशी सनद टेस्टरला लागत नाही. त्यामुळे 'आयएसटीक्यूबीशिवाय नोकरी नाही' असं क्लासवाले सांगत असतील, तर ती विक्री आहे. काही कंपन्या बायोडेटा चाळताना हे प्रमाणपत्र बघतात, आणि सगळे एकच परिभाषा बोलतात हाही फायदा. त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका.

द्यायचीच असेल तर फाउंडेशन लेव्हल (पहिली पायरी), 4.0 आवृत्ती (2023). 40 प्रश्न, 60 मिनिटं, पास व्हायला 26 बरोबर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी मातृभाषा नसल्यामुळे 15 मिनिटं जादा मिळतात, पण ती नोंदणी करतानाच मागून घ्या. क्लास लावणं बंधनकारक नाही. अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्नपत्रिका आयएसटीक्यूबीच्या साइटवर फुकट आहेत. जुन्या आवृत्तीच्या पीडीएफ अजून फिरतात, त्यावरून अभ्यास करू नका. 40 पैकी 11 प्रश्न चौथ्या प्रकरणावर, म्हणजे टेस्ट डिझाइनवर (काय काय टाकून तपासायचं हे ठरवण्यावर) असतात, आणि मुलं अडकतात ती इथेच. उदाहरणार्थ, फॉर्ममध्ये वय 18 ते 60 चालतं, तर सीमेवरच्या किमती तपासायच्या: दोन-मूल्य पद्धतीने (सीमा आणि तिच्या लगतची बाहेरची किंमत) 17, 18, 60, 61. तीन-मूल्य पद्धतीत आतल्या बाजूच्या 19 आणि 59 वाढतात. डेव्हलपरने >= ऐवजी > लिहिलं, तर 18 वर लगेच सापडतं. 35 टाकून कितीही वेळा तपासा, काही हाती लागणार नाही.

आता मानाचं. काही ठिकाणी टेस्टरला दुय्यम धरतात, हे खरं आहे. पण त्यात पदापेक्षा कामाचा वाटा मोठा असतो, आणि तो बग रिपोर्टमध्ये, म्हणजे सापडलेल्या चुकीच्या नोंदीत (तिलाच तिकीट म्हणतात), उघड दिसतो. 'लॉगिन चालत नाही' असं लिहिलं की डेव्हलपर 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणून तिकीट बंद करतो, आणि तिथे त्याची फारशी चूकही नसते. त्याऐवजी असं लिहा: अँड्रॉइड 13; ओटीपीची मुदत संपू दिली; 'पुन्हा पाठवा' दाबलं; नवा ओटीपी टाकला; लॉगिन व्हायला हवं होतं, 'ओटीपी चुकीचा' आलं; 5 पैकी 5 वेळा. सोबत लॉग (अॅपने केलेली आपोआप नोंद) आणि सर्व्हरचा प्रतिसाद जोडा. असं तिकीट सहसा परत येत नाही, आणि पुढच्या वेळी रिक्वायरमेंटच्या (काय बनवायचं याच्या) चर्चेलाच तुम्हाला बोलावतात.

वेळ कमी असेल तर प्रमाणपत्राआधी एसक्यूएलमधले (डेटाबेसच्या भाषेतले) टेबलं जोडणारे जॉइन, पोस्टमन या साधनावर एपीआय (दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तो मार्ग) तपासणं आणि कोडमधले बदल सांभाळणारं गिट एवढं शिका. सेलेनियम किंवा प्लेराइट, म्हणजे ब्राउझरमधली तपासणी आपोआप चालवणारी साधनं, त्यानंतर. नुसतं रेकॉर्ड-प्लेबॅक (क्लिक नोंदवून तेच परत चालवणं) करून केलेलं ऑटोमेशन स्क्रीनवरचं बटण जरा हललं की कोसळतं. म्हणून आधी जावा किंवा पायथनमध्ये लूप आणि फंक्शन स्वतः लिहिता आली पाहिजेत, आणि मुलाखतीत बहुतेक वेळा नेमकं तेच लिहायला लावतात.