धातुशिल्प: मेणाचा हत्ती पितळेत उतरताना

प्रश्न: बस्तरमधल्या कोंडागावचं ढोकरा काम (साच्यातलं मेण वितळवून त्या जागी पितळ ओतायचं) पाहून मीही १५ सेंमी उंचीचा हत्ती केला. मातीचा गाभा, वर मेण, वर मातीचे थर. साचा दोन दिवस उन्हात वाळवला, पायांकडचं पितळ ओतायचं तोंड वर ठेवूनच तापवून मेण घालवलं आणि पाय वर धरून पितळ ओतलं. लोंबत्या सोंडेचं टोक आलंच नाही, पाठीला भोकं पडली. माती चुकली की पितळ?

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत. आधी सोंड बघू. हत्ती उलटा केला की लोंबती सोंड वर टोक करून उभी राहते. पितळ खालून चढत येतं, हवा वर सरकते आणि टोकाशी कोंडते. तिला वाटच नाही. मेणात असतानाच टोकापासून साच्याच्या तोंडापर्यंत २-३ मिमी जाडीची मेणाची तार जोडा. ओतल्यावर तिची पितळी काडी होते, ती छिन्नीने उडवून कानस मारायची.

पाठीची भोकं वाफेची आणि राहिलेल्या मेणाची. तोंड वर असताना पाठ तळाशी होती, मेण तिथेच साचलं. तोंड खाली करून मेण गाळा (मधमाशांचं मेण ६२-६४ अंश सेल्सिअसला वितळतं), मग साचा आतून लालसर होईपर्यंत भाजा. ओतताना तो गरमच हवा, गार साच्यात पितळ वाटेतच थिजतं. दोन दिवसांच्या उन्हात वरची माती सुकते, तडकतेही, पण गाभा ओलाच राहतो. प्रत्येक थर सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नका. ढोकऱ्यातली निम्मी कामं या घाईत जातात.

मातीचंही सांगायला हवं. पहिला थर वस्त्रगाळ माती, कोळशाची पूड आणि गाळलेलं शेणाचं पाणी यांचा, साईइतका पातळ, कुंचल्याने. सगळं रूप हाच थर उचलतो. मेणावर बोटाचा ठसा राहिला असेल तर तोही पितळेत येतो. वरच्या जाड थरात वारुळाची माती आणि भाताचं तूस घ्या. तूस जळून बारीक छिद्रं राहतात, वायू त्यांतून निघून जातो. नुसती चिकणमाती घेतली की साचा तडकतो आणि शिल्पावर पितळेचे पापुद्रे येतात.

बस्तरचे घडवा कारागीर पिचकीतून मेणाच्या तारा काढतात, सोऱ्यातून शेव पाडावी तशा, आणि तार तारेला लावत गाभा मढवतात. त्या रेषाच ढोकऱ्याचा जीव आहेत. कानस मारून त्या गुळगुळीत करू नका.

पितळ किती घ्यायचं? तोंड आणि तारांसकट मेण आधी तोला. १२० ग्रॅम मेणाला नऊपट म्हणजे १,०८० ग्रॅम, वर दहा टक्के घट, म्हणून १.२ किलो. मेण तोलून धातू ठरवण्याची ही रीत बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त लिहिलेली आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद ज्यात आहे, तोच हा ग्रंथ.

पितळ वितळतं त्याच सुमारास, ९०७ अंशांना, त्यातलं जस्त उकळतं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री कणकण येते. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. पळी, चिमटा कोरडे ठणठणीत हवेत आणि साचा वाळूत बसवा. सिमेंटच्या जमिनीवर पितळ सांडलं तर आतल्या ओलीची वाफ होऊन कपच्या उडतात.

प्रश्न: दायमाबादचा हत्ती भरीव आहे असं वाचलं. मग ढोकरा पोकळ का?

उत्तर: प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये धातूचे प्राचीन रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारही भरीव, मिळून ६० किलोंहून जास्त. तमिळनाडूत स्वामीमलईला पूजेच्या मूर्ती आजही भरीवच ओततात. ढोकऱ्यात गाभा असल्याने धातू थोडका लागतो आणि भिंत सगळीकडे सारखी, ३-४ मिमी ठेवता येते. भरीव कामात बाहेरची कड आधी थिजते, मधला भाग मागाहून आकसतो आणि वर खळगा पडतो. म्हणून ओतायची वाट जाड ठेवतात, म्हणजे शेवटपर्यंत तिच्यातून धातू मिळत राहतो. पोकळ कामात मात्र गाभ्यात शिरतील असे चार-पाच लोखंडी खिळे मेणातून खोचा, डोकी बाहेरच्या मातीत अडकू द्या. नाहीतर मेण गेल्यावर गाभा सरकतो, एक कुशी जाड होते आणि दुसरीला भोक पडतं.

प्रश्न: कोकणातल्या घरी ढोकरा मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी येते. चिंचेने घासू का?

उत्तर: नको. चिंचेने जुनी छटा जाते आणि तारांच्या खाचांत आंबट ओल राहते. भुकटी खाऱ्या हवेमुळे येते. मऊ ब्रशने झाडा, क्षार नसलेल्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात वाळवा. मूर्ती कोमट असतानाच सुती कापडाने मेणाचा पातळ हात द्या.