ऋण फेडतात, मग ‘सोडतात’ कसं?

प्रश्न असा आला आहे: “ख्रिस्ती प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असं म्हणतात. ऋण तर फेडायचं असतं, मग ‘सोड’ कसं? सरळ ‘क्षमा कर’ का नाही? शिवाय बायबलमध्ये ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असं येतं, त्यातल्या ‘आहे’ला काही वेगळा अर्थ आहे का?”

आधी ‘सोड’ पाहू. मराठीत ऋणको फेडतो आणि धनको सोडतो. ‘त्यानं व्याज सोडलं’ हे आपण सहज म्हणतो. हक्कसोडपत्र हा शब्दही रोजच्या व्यवहारातलाच. त्यावर सही करणाऱ्याचा हक्क खरा असतो, म्हणून तर तो सोडावा लागतो; आणि एकदा सोडला की पुन्हा मागता येत नाही. प्रार्थनेतलं ‘सोड’ या जातीचं आहे. फेडण्याची ऐपत नसलेला माणूस धनकोपुढे उभा राहून बोलतो आहे.

मूळ ग्रीकमध्ये इथे ‘आफिएमी’ हे क्रियापद आहे. त्याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (बायबलमधलं येशूचं एक चरित्र) चौथ्या अध्यायात पेत्र आणि अंद्रिया हे पुढे शिष्य झालेले भाऊ जाळी ‘सोडून’ येशूमागे जातात आणि आठव्यात पेत्राच्या सासूला ताप ‘सोडतो’, तिथेही हेच क्रियापद. ‘ऋण’सुद्धा अलंकार म्हणून आलेलं नाही. येशू बोलत असे त्या अरामी भाषेत ‘होबा’ या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होतात. मत्तयाने (६:१२) ‘ऋणे’ ठेवलं. तसंच चरित्र लिहिणाऱ्या लूकने (११:४) पहिल्या अर्ध्या भागात ‘पापे’ लिहिलं, पण दुसऱ्या भागात ‘आमच्या प्रत्येक ऋण्याला’ म्हणताना तोही कर्जाकडे वळला. म्हणून ‘ऋणे सोड’ हे भाषांतर मला फार आवडतं. ते कानाला जुनं वाटत असेल, पण मुळाला धरून आहे.

मग ‘क्षमा’ चुकीचा शब्द आहे का? मुळीच नाही. संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सोसणे, आणि समर्थ असणेही. सक्षम, क्षमता हे शब्द त्याच धातूचे. सगळं सोसणारी म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. बायबलच्या जुन्या कराराची भाषा हिब्रू; तिच्यात क्षमेसाठी येणाऱ्या शब्दांपैकी एक ‘नासा’ आहे. त्याचा मूळ अर्थ उचलणे, वाहून नेणे. म्हणजे सोडणं आणि सोसणं ही एकाच गोष्टीची दोन अंगं. धनकोने कर्ज सोडलं म्हणून तोटा नाहीसा होत नाही. तो धनकोच्या अंगावर येतो. क्रूसावरच्या ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ या वाक्यात ग्रीक क्रियापद ‘सोड’ असंच आहे, आणि ते उच्चारणारा येशू त्याच घटकेला सोसतो आहे. मराठी ‘क्षमा’ हे दुसरं अंग आपसूक पुरवते.

हा तोटा केवढा असू शकतो ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आकड्यांतच सांगितलं आहे. राजा चाकराचं १०,००० तालांतांचं कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब ६ कोटी दिवसांच्या मजुरीवर जातो! तोच चाकर बाहेर पडतो आणि १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. ही गोष्ट ज्या प्रश्नावर सांगितली गेली तो पेत्राचा होता: भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर आलं, ‘साताच्या सत्तर वेळा’. (ग्रीक शब्दांचा अर्थ ‘सत्याहत्तर वेळा’ असाही लावतात. जुन्या करारातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा माणूस सत्याहत्तरपट सूड घेण्याची भाषा करतो, तिथे जुन्या ग्रीक भाषांतरात नेमके हेच शब्द आहेत. सुडाचा आकडा येशूने क्षमेला लावला, असा तो अर्थ मला पटतो.)

आता ‘आहे’. लूकच्या सातव्या अध्यायात परूश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या स्त्रीला तो म्हणतो, ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’. ग्रीकमध्ये इथे पूर्ण काळ आहे: कृती होऊन गेली आणि तिचा परिणाम आत्ता चालू आहे. मराठीत ‘झाली’ एवढंच लिहिलं तर घटना कळते. ‘झाली आहे’ म्हटल्यावर ती स्त्री आता कोणत्या स्थितीत उभी आहे ते कळतं. ‘दार उघडलं’ आणि ‘दार उघडलं आहे’ यांत जो फरक, तोच इथे. भाषांतरकारांनी हा ‘आहे’ जपून ठेवला आहे, तो गाळू नये.

हे ‘आहे’ पचणं किती अवघड असतं ते उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात दिसतं. भावांनी विकलेला योसेफ पुढे मिसरात अधिकारी होतो, त्यांना जवळ घेतो, पोसतो. त्यांचा बाप याकोब मिसरात १७ वर्षं राहून वारतो, आणि लगेच भावांना धडकी भरते: बाप गेला, आता हा जुना हिशेब काढणार. ते निरोप धाडतात, आमचा अपराध सोड. हिब्रूत तिथे ‘नासा’ आहे, ग्रीक भाषांतरात ‘आफिएमी’. योसेफाला रडू येतं. इतकी वर्षं जे होऊन गेलेलं होतं ते हे आजही मागत आहेत! तो झालेलं नाकारत नाही. ‘तुम्ही माझं वाईट योजलं होतं’ असं तोंडावर सांगतो, आणि पुढच्याच वाक्यांत त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याचा शब्द देतो.

म्हणूनच यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं (३१:३४) देवाचं ‘मी त्यांचं पाप यापुढे स्मरणार नाही’ हे वाक्य विसरभोळेपणाचं नाही. आपल्याकडे ‘लक्षात ठेवीन मी!’ ही धमकी असते ना, तिच्या उलट हे वचन आहे: ठाऊक आहे, पण ते पुन्हा तुझ्यावर काढणार नाही.

राहता राहिली ‘माफी’. मूळ अरबी, अर्थ पुसून टाकणे. कर्जमाफी, शिक्षा माफ या वापरात ती ‘ऋण सोडणे’च्या अगदी जवळ येते. पण ‘माफ करा, उशीर झाला’ असं दिवसभर म्हणून तिचं वजन हलकं झालं आहे. त्यामुळे ख्रिस्ती विषयावर लिहिताना ‘पापांची क्षमा’ हेच रूप ठेवावं, आणि प्रार्थनेतल्या ‘ऋणे सोड’च्या जागी काही सोपं घालण्याचा मोह टाळावा.